ट्रॅक डेच्या आधी ब्रेकची एअर काढणे: सोसायटीच्या पार्किंगात, दोघांत

आंबोली घाट उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून येणारा जळका वास सगळ्यांनी घेतलेला असतो. घाटात तो आपल्या गाडीला आला तर आपण बाजूला घेतो, चहा मारतो, अर्ध्या तासाने निघतो. ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायच्या दिवशी, टपरी नसते, आणि पॅडल खाली गेलं की समोर एकतर वाळू नाहीतर टायरांची भिंत.

माझं झालं ते कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवेवर. फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसिंग गाड्या बनवणारे करिवर्धन, त्यांच्या नावाचा ट्रॅक, लांबी फक्त २.१ किमी. घरचीच पोलो, १.२ टीएसआय, पुण्याहून चालवत नेलेली. निघायच्या आधी सर्व्हिसिंग करून घेतलेलं, बिलावर ब्रेक ऑइल बदलल्याचे पैसेही लावलेले. सहाव्या लॅपला सरळ पट्टा संपला, पॅडल दाबलं तर ते सरळ खालपर्यंत गेलं, ओला स्पंज दाबल्यासारखं. दोनदा पंप मारल्यावर कुठे गाडीने धरलं, तोवर निम्मी गाडी वाळूत. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवतात तिथे, निपल (चाकाजवळचा ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बघतो तर आतून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल. म्हणजे कुणीतरी फक्त वरची टाकी भरून दिली होती. तेव्हापासून जुनं ऑइल आणि त्यातली हवा काढायचं हे काम मी कुणाला देत नाही, आणि खरं सांगायचं तर अवघड असं काहीच नाहीये त्यात, वेळ काढून नीट करायला लागतं एवढंच.

आधी एक हिशोब बघा, मग बाकीचं आपोआप पटेल. गाडी ड्रायव्हरसकट ११०० किलो धरा, १४० च्या स्पीडवरून ६० वर आणली तर साधारण ६८० किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे माठातलं दोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते तेवढी, आणि ही एका वळणाची. बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्यांवर, चार-पाच सेकंदात. असं लॅपमध्ये तीन-चार वेळा, वीस मिनिटं सलग. लोकांना वाटतं मोठा ट्रॅक ब्रेकना जास्त खातो, पण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरच्या वरचा पट्टा आहे, तिथे ब्रेक मारता जोरात पण मधे वारा लागून गार व्हायला वेळ मिळतो. करीसारख्या छोट्या ट्रॅकवर गार होईपर्यंत पुढचं वळण आलेलंच असतं.

ही उष्णता डिस्कमधून तिला घासणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, बंद टाकीतसुद्धा, रबरी होजमधून हळूहळू. नवं कोरं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशाला उकळायला हवं असं स्टँडर्ड आहे, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली. थोडं गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि गॅरेजमध्ये कुणी चेक केलं तर ब्रेक झक्कास. म्हणून ऐकवतात की तुमच्या ड्रायव्हिंगमध्येच प्रॉब्लेम आहे.

हे पॅडच्या फेडपासून, म्हणजे पॅड तापून त्यांची पकड जाण्यापासून, वेगळं ओळखता आलं पाहिजे. पॅडल मऊ पडलं, लांब गेलं तर ऑइल उकळलंय. पॅडल दगडासारखं घट्ट आहे, पाय दुखेपर्यंत दाबताय आणि गाडी मात्र थांबत नाही, वास येतोय, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पुढे गेलेत. पहिल्याला ऑइल, दुसऱ्याला पॅड. दोन्हीला लाल रंगाचं मोठं कॅलिपर हा पहिला उपाय नाही, ते पैसे आधी पेट्रोल आणि टायरला ठेवा.

ऑइल कुठलं घ्यायचं? मी मोटुल आरबीएफ ६०० वापरतो, कोरडं ३१२ अंशाला उकळतं, पाणी पिलेलं २०५ च्या आसपास. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून भारी, ओलं झाल्यावरही २७० पर्यंत टिकतं, पण किंमत बघून घाम फुटतो. महिन्याला ट्रॅकवर जाणारे तुम्ही नसाल तर गरज नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, डॉट ५ आणि डॉट ५.१ हे भाऊ भाऊ नाहीत. ५.१ हे ३ आणि ४ च्याच घरातलं, ५ मात्र सिलिकॉनचं, ते आपल्या गाडीत अजिबात घालायचं नाही. अर्धा लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली नको, त्यात कोकणातून आणलेली तर अजिबातच नको, एका पावसाळ्यात ती काय काय पिऊन बसली असेल सांगता येत नाही.

सामान: जॅक आणि चार स्टँड, निपलच्या मापाचा रिंग पाना, मापं ८ ते ११ मिमीच्या मधे असतात पण पुढची मागची वेगळी असू शकतात म्हणून आधी बघून ठेवा. पारदर्शक नळी जी निपलवर घट्ट बसेल, एक प्लॅस्टिकची बाटली, मोठी सिरिंज, ब्रेक क्लीनर, हातमोजे, जुनी फडकी, बादलीभर पाणी. पाणी कशाला, तर हे ऑइल पेंट खातं, सांडलं की पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली किंवा चाकाशेजारी बसायचं नाही, यावर चर्चा नाही.

निपल गंजलेले असतील, विशेषतः मागच्या ड्रमचे, तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, पण फवारा डिस्क-लायनरकडे जाऊ देऊ नका. पहिला झटका रिंग पान्यानेच द्या, फिक्स पान्याने कोपरे गोल होतात आणि मग निपल तुटला की रविवार गेला.

आता काम. इंजिन बंद, चावी काढलेली, पॅडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. टाकीचं झाकण आणि आजूबाजू पुसून घ्या मगच उघडा. सिरिंजने जुनं ऑइल खेचून घ्या, तळ कोरडा होईपर्यंत नाही, थोडं ठेवा, आणि नवं मॅक्सपर्यंत भरा. म्हणजे ते काळं पाणी सगळ्या पाइपांतून फिरवायला नको.

कुठल्या चाकापासून? आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बहुतेक उजवीकडे, म्हणून जुनी पद्धत सगळ्यात लांबच्यापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण एबीएसवाल्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांत काही कंपन्या पुढून सुरू करायला सांगतात, तर आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा आणि ते सांगेल ते खरं.

पॅडलवर माझा भाचा बसतो. आमची भाषा ठरलेली आहे, कारण गोंधळ इथेच होतो. मी "दाब" म्हटलं की त्याने तीन वेळा सावकाश पंप मारून चौथ्याला दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. मग मी निपल पाव फेरा उघडतो, नळीतून ऑइल येतं, पॅडल खाली जायला लागतं. ते पार खाली जायच्या आत मी निपल बंद करतो, आणि मी "सोड" म्हणेपर्यंत त्याने पाय काढायचा नाही. पहिल्या वेळी दर खेपेला "मामा, सोडू का?" विचारत होता आणि एकदा मी हो-नाही काही म्हणायच्या आत सोडलंच, सुस्स करून हवा आत, ते चाक पहिल्यापासून. निपल उघडा असताना पाय सुटला की असंच होतं. गाडी जुनी असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, रोजच्या वापरात मास्टरचं सील जिथवर जात नाही तिथे गंज आणि कचरा असतो, पॅडल पार जमिनीला टेकवलं की सील त्यावर घासून फाटतं.

नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. नळी निपलपासून आधी वर चढलेली असली की बुडबुडे निपलकडे परत न जाता वर निघून जातात. कॅलिपरला रबरी हातोडीने दोन-चार टपल्या मारा, कोपऱ्यात चिकटलेली हवा सुटते. बुडबुडे थांबले आणि रंग नव्यासारखा झाला की ते चाक झालं, मागच्या लांबच्या चाकाला पाव लिटर सहज जातं. दर पाच-सहा पंपांनी टाकी बघा. टाकी मिनच्या खाली जाऊन हवा आत गेली तर सगळं परत, आणि ती हवा एबीएसच्या मॉड्यूलमध्ये घुसली तर स्कॅनर लावून त्याचा पंप फिरवल्याशिवाय निघत नाही. एवढं करूनही पॅडल मऊच राहत असेल तर बघा कॅलिपर कुणी डावं-उजवं उलटं तर बसवलं नाही ना, निपल खाली असेल तर हवा वर अडकून बसते, जन्मभर पंप मारा.

एकटेच असाल तर टाकीच्या झाकणावर लावायचा, वरून दाब देऊन ऑइल ढकलणारा प्रेशर ब्लीडर घ्या, एक ते दीड बार पुरे. निपलवरून खेचणारा व्हॅक्यूमवाला पंप मला आवडत नाही, निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढतो आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत, आपण वेड्यासारखं ऑइल वाया घालवत बसतो. मॅन्युअल गिअरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये क्लचलाही याच टाकीतून ऑइल जातं, तर त्याचाही निपल शोधून काढा.

निपल घट्ट करताना ताकद दाखवायची नाही, ८-१० न्यूटन मीटर खूप झालं. रबरी टोपी परत बसवा. सगळं ब्रेक क्लीनरने धुवा, पॅडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा आणि भाच्याला चारी चाकं बघायला सांगा, कुठे ओलं दिसतंय का. इंजिन सुरू केल्यावर पॅडल जरासं खाली येतं, तो बूस्टर, घाबरू नका. पहिली चाचणी सोसायटीच्या आतच, चालत्या माणसाच्या स्पीडने.

चाकं निघालेलीच आहेत तर पॅड बघा. रोजच्या वापरात दोन-तीन मिमीपर्यंत चालवतात, ट्रॅकला मी निम्मं झालं की बदलतो, कारण पॅड पातळ झाला की उष्णता सरळ पिस्टनला पोचते. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायच्या आधी निपल उघडा, तळचं घाणेरडं ऑइल बाहेर जाऊ दे, उलटं एबीएसकडे नको. आणि झिजलेल्या पॅडवर कुणी टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर पिस्टन ढकलताना ती वरून वाहते, बॉनेटखालचा पेंट गेला समजा. कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या स्लाइड पिन काढून पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. पिन अडकली की एकच पॅड तिरका झिजतो, गाडी ओढते. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषा चालतात, पण भेग कडेपर्यंत गेली असेल किंवा जाडी डिस्कवरच्या किमान आकड्याखाली असेल तर ती भंगारात.

नवे पॅड असतील तर बसवून लगेच लॅप टायमिंगला जायचं नाही. १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा, हळूहळू जोर वाढवत, पूर्ण थांबायचं नाही, मग दोन लॅप ब्रेकला हात न लावता गार करायचं. हे ट्रॅकवरच, पहिल्या सेशनला. रात्री एक्सप्रेसवेवर हे करणारे महाभाग मला माहीत आहेत, मागून ट्रक येत असतो हो.

ट्रॅकवर असताना शेवटचा लॅप पूर्ण सावकाश, गिअरवर गाडी कमी करत. पिटमध्ये आलात की पाय ब्रेकवर ठेवून बसू नका आणि हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की तिथे ठसा उमटतो, मग ८० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, पॅडचा थर एकाच जागी चिकटलेला असतो. गाडी गिअरमध्ये टाका, चाकामागे वीट लावा. पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर व्हील बोल्ट टॉर्क रेंचने परत बघा, पोलोला १२० न्यूटन मीटर. पॅडलचा प्रवास सकाळपेक्षा वाढलाय असं वाटलं तर वाद नको, तिथेच पुढच्या दोन चाकांची एअर काढा, पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणून पाना-नळी आणि उरलेली बाटली डिकीत असू द्या.

परत यायला अकराशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवायची असते, तर निघण्याआधी पॅडची जाडी मोजा आणि एक जुना रोडचा सेट सोबत ठेवा. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, पहाटे हॉटेलच्या उतारावर हे कळतं. घरी आल्यावर महिना-दीड महिन्यात परत जाणार नसाल तर आहे ते ऑइल राहू द्या, पुढच्या ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात बदला. पण त्या दिवशी एकदा जरी पॅडल मऊ पडलं असेल तर लगेच काढा. निघालेलं काळं ऑइल गटारात नाही, झाकण लावून जिथे वापरलेलं इंजिन ऑइल घेतात तिथे द्या, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते, आमच्याकडे एकदा आईने तीच बाटली धुवून फ्रिजमध्ये पाण्याला लावायला घेतली होती.