चढावर पुढची चाकं घसरतायत? आधी टायर बघा

परवा ताम्हिणीत पावसात चढावर गाडी थांबवली आणि परत उचलताना पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली, डॅशवर ती घसरत्या गाडीची पिवळी लाईट लुकलुकतेय, मागे बायको आणि पोरं गप्प. दिसायला एसयूव्ही, पण आपल्याकडच्या बहुतेकांना ताकद फक्त पुढच्या दोन चाकांनाच असते हो.

लाईट लुकलुकली तर घाबरू नका, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागेवर फिरायला लागलं की त्याची ताकद आपोआप आवरणारी यंत्रणा, काम करतंय. कायम पेटलेली राहिली तर मात्र ते बटणाने बंद झालंय का बघा, नसेल तर गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावून घ्या, बऱ्याचदा चाकाचा स्पीड सेन्सर चिखलाने माखलेला नाहीतर त्याची वायर तुटलेली सापडते.

माझं दुखणं साधं निघालं. पंपावरच्या पोराने 40 psi हवा मारलेली, दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय! जास्त हवेने टायर फुगतो आणि रस्त्याला कमी टेकतो. हवा थंड टायरमध्येच मोजा. मग खाचेतल्या छोट्या उंचवट्यावर बोट फिरवा, नक्षी झिजून त्याच्या लेव्हलला आली म्हणजे 1.6 मिमी उरली, टायर गेला. आणि साईडला चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा, नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर कडक होतं आणि ओल्यात धरत नाही.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका, दुकानदार पुढे टाका म्हणेल, पण ओल्या वळणावर मागचं घसरलं की गाडी गर्रकन फिरते.

चिखलात रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद, दुसरा गिअर, हलका ॲक्सिलरेटर, चाकाखाली पायपुसणी.