डीएड-बीएडची शिष्यवृत्ती: आधी कागद, मग अर्ज

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी विदर्भात जवळपास एकाच सुमारास येतात. तलाठी पीककर्जाच्या कागदांत गुंतलेला, सेतू केंद्रापुढे दाखल्यांची रांग, आणि डीएड किंवा बीएडला जायचं ठरवलेल्या मुलामुलींना एकदम चार दाखले हवे असतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज तासाभरात भरून होतो. त्याला लागणाऱ्या कागदांपैकी काहींना मात्र महिने लागतात. शिष्यवृत्ती हुकते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून सर्वांत सावकाश मिळणारा कागद सर्वांत आधी धरा.

तो कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत समितीकडे द्यावी लागते. अनुसूचित जाती, भटक्या जमाती आणि ओबीसींना विद्यार्थ्यांसाठीच्या नमुना १६ सोबत नमुना ३ (वंशावळीचं शपथपत्र) आणि नमुना १७ जोडावे लागतात. कॉलेजचं पत्रही लागतं, म्हणून अकरावी-बारावीत असतानाच हे काम सुरू करणं उत्तम.

खरा घोळ पुराव्याच्या तारखेत होतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद सर्वांत भक्कम मानली जाते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला बहुधा यानंतरचा असतो, तेव्हा आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मागा. ते शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. ही नोंद गावाच्या नावाने असते, त्यामुळे तेव्हाचं गाव, मौजा आणि तहसील नेमके कोणते होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आधी विचारून घ्या. जिल्हे पुढे फुटले आहेत: वाशीम १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ ला चंद्रपुरातून. जुनं रेकॉर्ड कधी कधी मूळ जिल्ह्याकडेच सापडतं.

बौद्ध कुटुंबांत आजोबांच्या नोंदीत 'महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असतं. १९५६ च्या धर्मांतरानंतर हे होणारच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वंशावळीत प्रत्येक पिढीची नोंद एकमेकांशी जोडून दाखवा म्हणजे झालं. आडनावाचं स्पेलिंग किंवा काना-मात्रा पिढीगणिक बदलली असेल तर ती एकाच व्यक्तीची नावं आहेत असं शपथपत्रावर लिहून द्या. वडील, सख्खे काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आधी लावा, निम्मं काम तिथेच होतं. मामाचं चालत नाही, नातं वडिलांकडचंच लागतं.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर

दोन्ही कागदांत उत्पन्न येतं म्हणून लोक ते एकच समजतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो, त्यात शेती, मजुरी, पगार असं घरातलं सगळं उत्पन्न धरतात आणि तो त्या आर्थिक वर्षापुरता, ३१ मार्चपर्यंत चालतो. नॉन-क्रिमी लेयर म्हणजे ओबीसीसारख्या गटातलं घर प्रगत स्तरात मोडत नाही असा दाखला; त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, मर्यादा ८ लाख आहे, पण त्या हिशेबात शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. म्हणजे ज्या घरात कापसाचं उत्पन्न बऱ्यापैकी आहे त्या घरालाही नॉन-क्रिमी लेयर मिळू शकतं, शिष्यवृत्ती मात्र उत्पन्नाच्या दाखल्यावर अडते. हा फरक सेतूतला ऑपरेटर सांगेलच असं नाही.

एप्रिल लागला की नवीन दाखला काढा. मार्चमध्ये काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला चालत नाही आणि अर्ज परत येतो.

लग्न झालेल्या मुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. नॉन-क्रिमी लेयर आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या नाही. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर पोर्टलवर नाव जुळत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जवळ ठेवा. त्याहून सोपं म्हणजे शिक्षण संपेपर्यंत आधारवरचं नाव बदलूच नका.

बँक खातं

पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं गेलं असं नसतं. ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत चढावं लागतं आणि त्यासाठी बँकेत वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की कोणती बँक जोडलेली आहे आणि ती सुरू आहे की नाही ते दिसतं. एका वेळी एकच बँक जोडलेली असते, शेवटची. दहावीत असताना कुणी शिबिरात उघडून दिलेलं, नंतर कधीच न वापरलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसा तिकडे जातो किंवा परत फिरतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे बँक लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तेच जोडून घ्यावं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असणंही आवश्यक आहे, ओटीपी त्यावरच येतो.

कोणाला काय मिळतं

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते: मान्य शुल्क आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता नाही. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजचं शुल्कही असतं. ते खर्च करून बसलात तर पुढे परीक्षेच्या अर्जावर सही अडते. पैसे आले की कॉलेजात भरा आणि पावती घ्या.

ओबीसी मुलग्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शुल्काची ५० टक्के प्रतिपूर्ती आहे. खुल्या गटातल्या, ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ५० टक्के मिळतात, पण एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बीएडच्या मुलींनी हे प्रवेशावेळीच कॉलेजला लेखी विचारावं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. बीएडला प्रवेश सीईटी कक्षाच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या) केंद्रीय फेरीतूनच घ्या. गावाजवळचं कॉलेज म्हणून संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून सीट घेतली तर शुल्काच्या या सवलती जातात. दोन वर्षांचं पूर्ण शुल्क खिशातून भरावं लागतं, आणि ते जवळपास नेहमी सोयाबीन किंवा तूर विकून भरलं जातं.

पोर्टलवर

कॉलेज महाडीबीटीवर आहे का आणि तुमचा अभ्यासक्रम त्यांनी तिथे मॅप केला आहे का, हे प्रवेश घेतानाच लिपिकाला विचारा. मॅप नसेल तर यादीत कोर्स दिसतच नाही आणि मुलं जवळचा दुसरा कोर्स निवडून मोकळी होतात. तो अर्ज नाकारला जातो. कागद २५६ केबीच्या आत स्कॅन करा, मोबाइलवरचा अंधुक फोटो नको. जुनं खातं असताना पासवर्ड विसरला म्हणून नवं खातं उघडू नका, पासवर्ड परत मिळवा.

अर्ज भरला म्हणजे संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. वाटेत कुठेही 'सेंड बॅक' होऊ शकतो आणि मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. मेसेजची वाट न पाहता दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज नव्हे, नूतनीकरण करायचं.

राहण्या-जेवणाचा खर्च

घरापासून लांब शिकायचं तर शुल्कापेक्षा हा खर्च जड जातो. आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिथे जागा मिळाली नाही तर समाजकल्याणची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे: नागपूरला वर्षाला ६०,००० रुपये, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा महापालिका शहरांत ५१,०००, यवतमाळ, वर्धा, बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा. भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र आणि हजेरीचा दाखला लागतो, आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की हप्ता थांबतो. आदिवासी विद्यार्थ्यांनी अडचण आली तर धारणी, पांढरकवडा, पुसद, देवरी, चिमूर, अहेरी अशा आपापल्या प्रकल्प कार्यालयात जावं.

वडील किंवा आई वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर असतील आणि बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी चालू असेल, तर पदवी अभ्यासक्रमाला वर्षाला २०,००० रुपये मिळतात, पहिल्या दोन अपत्यांना. शेतमजुरी संपली की बांधकामाला जाणारी कितीतरी घरं ही नोंदणीच करत नाहीत. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं असेल तर ते आधी करून घ्या, मग शिक्षणाचा अर्ज.

यातून काहीच बसत नसेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही आणि गहाणही मागत नाहीत. शाखेने तोंडी नकार दिला तर अर्जाची पोच घ्या आणि कारण लेखी मागा.