प्रस्ताव दोनदा परत आला, मग रजिस्टर उघडलं

नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी आमची छोटी संस्था आहे. एका कंपनीच्या सीएसआर निधीसाठी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) दिलेला प्रस्ताव दोनदा परत आला. शेरा एकच: परिणाम स्पष्ट नाही.

मी रजिस्टर काढून बसले. प्रस्तावात पानोपानी 'सक्षमीकरण', आणि रजिस्टरमध्ये एसटीचं भाडं, झेरॉक्स, मुलाचं औषध, शाळेचा दाखला. एक बाई तर रेशनकार्ड तेवढं पदराच्या गाठीत बांधून आली होती. मग बजेट त्याच क्रमाने मांडलं. कौटुंबिक हिंसाचारापासून बायकांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यातलं कलम १२ म्हणतं, कोर्टाने बाईचा अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि दर तारखेला तिची मजुरी बुडते. त्या मजुरीची वेगळी ओळ टाकली. 'किती बायका आल्या' हे काढून 'किती जणींचा कौटुंबिक घटना अहवाल (छळाची अधिकृत नोंद) तयार झाला, किती जणींना कोर्टाचा संरक्षण आदेश मिळाला' हे लिहिलं.

कंपनीने बायकांचे फोटो मागितले होते, ते दिले नाहीत. एका फोटोवरून नवरा दारात उभा राहू शकतो, हे कारण प्रस्तावातच स्पष्ट लिहिलं. त्यांनी ते मानलं.

तिसऱ्यांदा मंजुरी आली. पहिले पैसे कोर्टाच्या तारखांच्या एसटी भाड्याला गेले.