केळीचा पिकअप तोरणमाळला मुक्कामी

आमचा पिकअप एरवी रावेरकडची केळी वाहतो. माल भरला की गुमान चालतो, रिकामा असला की मागून नुसता आपटतो. तंबू-भांड्यांचं वजन ते किती? तोरणमाळच्या कच्च्या वाटांवर हौद्यातली शेगडीसुद्धा जागेवर राहीना.

मिस्तरी म्हणे, मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे काढू, म्हणजे गाडी मऊ चालेल. मी नाही म्हटलं. केळी निघाली की परत कोण बसवणार? त्याऐवजी मागच्या चाकांची हवा उतरवली. भरल्या मालासाठी ६५ पीएसआय होती, ती कच्च्या रस्त्यापुरती ४० वर आणली. डांबरी लागली की परत भरायची, नाहीतर टायर तापतो. म्हणून १२ व्होल्टचा पंप सोबत हवाच. पाण्याचे कॅन फाळक्याजवळून उचलून केबिनला टेकवून बांधले. १०० लिटर म्हणजे १०० किलो. ते मागच्या ॲक्सलच्या पुढे आलं की चढावर पुढची चाकं हलकी पडत नाहीत. वांगी भाजायला घेतलेला कपाशीच्या काड्यांचा भारा मात्र मागेच. भरिताची वांगी गॅसवर भाजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दिव्यांसाठी वेगळी बॅटरी लावली, ती आणि गाडीची बॅटरी यांच्यामधे रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातात, त्यामुळे सकाळी स्टार्टर अडत नाही. २० वॉटचा दिवा ५ तास म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम ८ अँपिअर-अवर खर्च. जोडवायरला दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक फ्यूज टाकलाच पाहिजे. पत्र्याला घासून वायर सोलली तर आग लागते.