कोंबडीखत जाळून वीज करायचा प्लांट येतोय? रिपोर्ट असा वाचा

पोल्ट्रीचं खत जाळून वीज बनवणारा प्लांट येणार म्हटलं की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो ग्रीन एनर्जी, दुसरा म्हणतो विष, आणि प्लांटचा जाडजूड पर्यावरण रिपोर्ट दोघांनीही उघडलेला नसतो. तो उघडा. पण धुराड्यातून निघणाऱ्या धुराच्या पानापासून सुरुवात करू नका.

आधी शोधा की हे खत आत्तापर्यंत जात कुठे होतं. शेतात जात असेल तर जाळल्यावर त्यातला नायट्रोजन जवळपास सगळा हवेत जातो, राखेत उरतो फॉस्फरस आणि पोटॅश. लिटरमध्ये (म्हणजे विष्ठा, भुसा, पिसं, सांडलेलं खाद्य) 3 टक्के नायट्रोजन धरला तरी टनामागे 30 किलो गेला, मग शेतकरी त्याच्या बदल्यात युरिया आणणार, जो बनवायलाच बराच नैसर्गिक वायू किंवा कोळसा लागतो. गंमत बघा, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला बऱ्याच प्लांटमध्ये बॉयलरच्या आतच युरिया नाहीतर अमोनिया फवारतात, म्हणजे खत जाळायचं आणि त्यावर परत खत शिंपडायचं! रिपोर्टमध्ये ‘कार्बन न्यूट्रल’ लिहिलं असेल तर हे दोन्ही युरिया हिशोबात धरलेत का ते बघा. पण पोल्ट्र्या एकाच पट्ट्यात दाटल्यात, जमिनीला खत झेपत नाहीये, फॉस्फरस वाहून तळ्यात शेवाळ माजतंय अशी स्थिती असेल तर जाळण्यात अर्थ आहे, तिथे उगाच विरोध नको.

मग ओलावा बघा. ब्रॉयलरचं भुशावरचं लिटर बऱ्यापैकी कोरडं असतं, पण लेयरच्या (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) ताज्या विष्ठेत 70 टक्क्यांच्या वर पाणी असतं, आणि रिपोर्टमध्ये कोरड्याचे आकडे देऊन प्रत्यक्षात ओलं खत आणलं तर आग थंड पडते, जळण अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड आणि वास वाढतो. खतात क्लोरीन पण असतं, त्यामुळे हायड्रोजन क्लोराइड (झोंबणारा आम्लारी वायू) होतो आणि ज्वलन नीट नसेल तर डायॉक्सिन (फार विषारी रसायनं). म्हणून युरोपियन युनियनच्या नियमात धूर 850 अंशांना किमान 2 सेकंद राहिला पाहिजे असं आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये हे तापमान कुठे मोजणार, सतत मोजणार का वर्षातून एकदा, आणि प्लांट सुरू-बंद करतानाचा धूर त्यात धरलाय का, हे लेखी विचारा, कारण सगळ्यात घाण धूर बहुतेक तेव्हाच निघतो.

राखेचं पान लोक सोडून देतात, तेच नीट वाचा. खाद्यातलं जस्त आणि तांबं जळून जात नाही, राखेत गोळा होतं. अमेरिकेत तर कोंबड्यांना रॉक्सारसोन नावाचं आर्सेनिकवालं औषध द्यायचे, त्याची विक्री तिथे 2011 मध्ये थांबली. तळाची राख आणि फिल्टरमध्ये अडकलेली उडती राख वेगळी ठेवणार का, दोन्हींची टेस्ट वेगळी होणार का? तळाची बऱ्याचदा खत म्हणून चालते, उडतीबद्दल जास्त चौकशी करा.

खत पुरेल का हेही विचारा. इंग्लंडमधल्या थेटफर्डचा 38.5 मेगावॅटचा प्लांट वर्षाला 4 लाख टनांच्या आसपास लिटर खातो, एवढं खत ट्रकनेच येणार, तर ट्रक झाकलेले असणार का, साठवणीचं शेड बंद असून आतली हवा बॉयलरमध्ये ओढणार का (वासावर खरा उपाय हाच). अमेरिकेत मिनेसोटातल्या बेन्सनचा 55 मेगावॅटचा, मुख्यतः टर्कीच्या खतावरचा प्लांट 2007 ला सुरू झाला आणि 2018 ला बंद, कारण वीज महाग पडत होती. त्यामुळे बंद पडला तर उरलेलं खत आणि राख कोण उचलणार हे पण करारात मागा.

आणि प्लांट सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या हवेचे, मातीचे, विहिरींच्या पाण्याचे नमुने स्वतंत्र लॅबकडून तपासून तारखेसकट रिपोर्ट जपून ठेवा, नंतर तुलना करायला दुसरं काही हातात नसतं.