बाइकच्या पुढच्या चाकाला दोन डिस्क ब्रेक बसवताय? आधी मास्टर सिलिंडर बघा

दुसरी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडनं चिमटणारा भाग) मिळाला की अर्धं काम झालं असं वाटतं. खरी गोम हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये असते, म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल कॅलिपरकडे ढकलणाऱ्या पंपात. एका कॅलिपरसाठीचा सिलिंडर बहुधा 12.7 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) असतो. तोच ठेवून दोन कॅलिपर जोडले, तर ब्रेक लावायला दुप्पट ऑइल ढकलावं लागतं आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. 15.9 मिमी घेतला की पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे दीडपट होतं. लिव्हर घट्ट लागतो. पण ‘मोठा तो चांगला’ म्हणून आणखी वर गेलात, तर लाकूड दाबल्यासारखं वाटेल, ब्रेक मात्र कमीच लागेल. ज्या गाडीला कारखान्यातूनच तसेच दोन कॅलिपर येतात, तिचाच मास्टर सिलिंडर शोधणं सोपं.

फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) दुसऱ्या पायाला कॅलिपरचे कान, म्हणजे तो बोल्टनं बसवायच्या जागा, आणि चाकाच्या हबला डिस्कची बैठक हवीच. नसतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या पायावर वेल्डिंगचा उद्योग नको. दोन्हीकडे सोय असलेला फोर्क आणि चाक घ्या.

मास्टर सिलिंडरला दोन ब्रेक होज एकत्र जोडणाऱ्या डबल बँजो बोल्टला तीन वॉशर लागतात, तेही नवे. ब्रेक लाइनमधली हवा पूर्ण काढा आणि गाडी ढकलत दोन्ही डिस्क मोकळ्या फिरतात का बघा.