पोहून खांदा दुखतोय? आधी हात पाण्यात कसा पडतो ते पाहा

शर्टाच्या बाहीत हात घालताना खांद्याच्या पुढच्या बाजूला बारीक कळ येते. काही दिवसांनी गाडीत मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला हात मागे नेला की तीच कळ जीव घेते. पोहणाऱ्यांचा खांदा बहुधा असाच हळूहळू धरतो. कुठे आपटलेलं नसतं, म्हणून आपण मनावर घेत नाही. खोबरेल तेल कोमट करून चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर. मी तेच केलं. जे दुखणं काही आठवड्यांत आटोपलं असतं, त्यानं माझे चार महिने खाल्ले.

एक हिशेब करून बघा. २५ मीटरच्या तलावात एक लेंथ, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, मारायला हौशी माणसाला साधारण २० हात मारावे लागतात. एक किलोमीटर म्हणजे ४० लेंथ, म्हणजे ८०० हात. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला ४०० आले. हात चुकीचा पडत असेल, तर ती चूक एका सकाळी ४०० वेळा होते. म्हणून नुसत्या विश्रांतीनं हे दुखणं जात नाही. दहा दिवस घरी बसून तुम्ही परत तोच हात मारणार असाल, तर खांदा परत धरणार.

पहिली पायरी: दुखणं कोणतं ते ओळखा

पोहून झाल्यावर दोन्ही खांदे भरून आले आणि एक-दोन दिवसांत मोकळे झाले, तर ती मेहनतीची दुखण आहे, घाबरू नका. एकाच खांद्यात, पुढे किंवा बाहेरच्या बाजूला, हात डोक्यावर नेताना ठरावीक ठिकाणी चमक येत असेल, तर मात्र थांबा. खांद्याचा सांधा उथळ वाटीत ठेवलेल्या चेंडूसारखा असतो. चेंडू जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायूंचं, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. ते दमले की चेंडू नीट मध्यावर राहत नाही आणि वरच्या हाडाखालून जाणाऱ्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, ताण येतो. पोहणाऱ्यांचं दुखणं बऱ्याचदा तिथलंच.

काही लक्षणं दिसली तर घरचे उपाय नकोत, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा: हात उचलताच येत नाही, बोटांना मुंग्या येतात, खांदा निखळल्यासारखा वाटतो, सूज आणि ताप आहे, किंवा रात्री दुखण्यानं झोपमोड होते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचा खांदा आखडत चालला असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा. आणि खांद्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर पोहण्याचा विचार बाजूला ठेवून लगेच १०८ ला फोन करा.

दुसरी पायरी: पहिला आठवडा

फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय बंद. पोहून किंवा काम करून ठणका लागला तर बर्फ पंचात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवा, उघडा बर्फ कातडीवर नको. दुखऱ्या कुशीवर झोपू नका. पाठीवर झोपून कोपराखाली छोटी उशी घेतली की बराच आराम पडतो. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नका, दुखणार नाही इतपत हलवत राहा. गोळी घेऊन पोहायला जाणं हा सगळ्यांत वाईट उपाय आहे, कारण थांबायला सांगणारी कळच गोळीनं दाबली जाते.

तिसरी पायरी: हात तपासा

खरं काम इथं आहे. आमच्या गोव्यात फोंड्याकडे बरेच जण लहानपणी व्हाळात (ओढ्यात) किंवा तळीत पोहायला शिकले. तिथं डोकं बाहेर ठेवायचं आणि हात सपासप मारायचे, एवढंच शिकवणारालाही ठाऊक होतं. डोकं वर राहिलं की कंबर खाली जाते आणि सगळं अंग ओढायचा भार खांद्यांवर येतो. नजर तळाकडे ठेवा.

आता कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, वाका आणि फ्रीस्टाइलचा एक हात सावकाश मारून त्याच्याकडे बघा. पंजा पाण्यात शिरताना अंगठा आधी खाली जातो का? माझा जात होता. तसा हात शिरला की खांदा आत वळलेला असतो आणि नेमका त्याच स्थितीत त्याच्यावर जोर येतो. तळहात खाली ठेवा आणि बोटांची टोकं आधी जाऊ द्या. पंजा खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे, डोक्यासमोर मधल्या रेषेपलीकडे जाता कामा नये. कोपर पंजाच्या वर राहू दे. हात बाहेर काढताना अंगानं थोडं कुशीवर वळा. अंग सपाट ठेवून नुसता हात फिरवला की खांदा अडकतो. श्वास एकाच बाजूनं घ्यायची सवय असेल, तर दर तिसऱ्या हाताला घेऊन पाहा.

स्वतःला हे सगळं दिसत नाही. काठावरून कुणाला तरी मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढायला सांगा, मात्र तलावावर परवानगी विचारून.

चौथी पायरी: घरचा व्यायाम

रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधा. कोपर काटकोनात, काखेत टॉवेलची गुंडाळी, आणि पंजा सावकाश बाहेर न्या. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. त्याच पट्टीनं दोन्ही कोपरं मागे ओढून पाठीची पाती जवळ आणा. भिंतीला टेकून जोर मारा आणि शेवटी भिंत आणखी थोडी ढकला. दुखलं तर पट्टी हलकी घ्या. पोहायच्या आधी मित्राकडून दोन्ही हात मागे खेचून घ्यायची पद्धत सोडून द्या. पोहणाऱ्याचा खांदा पुढून आधीच सैल असतो.

पाचवी पायरी: परत पाण्यात

आधी किलोमीटर मारत असाल तर ४०० मीटरनं सुरुवात करा, तेही ५० मीटरचे तुकडे करून. दहापैकी दोनइतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी काहीच उरलं नाही, तर हरकत नाही. त्याहून जास्त दुखलं तर मागे या. दर आठवड्याला थोडंच वाढवा. पॅडल (पंजाला बांधायच्या पट्ट्या) आणि पुल बॉय (मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा) पेटीत राहू द्या. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायची फळी, निरुपद्रवी वाटतो, पण त्यात हात ताणून पुढे राहतात आणि दुखरा खांदा चिडतो. पाठीवर पडून पाय मारा.

आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नसतं. पणजीत कांपालच्या तलावावर जाणं झालं नाही तर चार महिने हात कोरडे राहतात, आणि ऑक्टोबरात मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन पहिल्याच दिवशी जुनं अंतर गाठायचा मोह होतो. २०१९ साली तिथं आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत सुरू झाल्यापासून तिचं १.९ किलोमीटरचं पोहणं अनेकांच्या डोक्यात असतं. निदान सहा आठवडे तलावात काढा, मग समुद्र. तिथं दिशा बघायला डोकं सारखं वर काढावं लागतं आणि सुधारलेला हात नेमका तेव्हाच बिघडतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर पाण्याबाहेर जेवढे डोळे ठेवते, तेवढंच वर या, सहा-आठ हातांतून एकदा. आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्या.